पहिलं ताट

मामींनी पहिलं ताट भारतच्या पुढं ठेवलं.

मी पाटावर मांडी घालून बसलो होतो. पाय धुऊन झाले होते, कपाळाला गंध लागलं होतं, आणि ते ताट माझ्या नाकासमोरून पलीकडं गेलं. खरं म्हणजे भारतचा पाट स्वयंपाकघराच्या दाराजवळ होता, माझा खिडकीकडं. हातात जड ताट असलेली म्हातारी बाई ते जवळच्या माणसापुढंच ठेवणार. पण थोरला जावई मी. त्याच्या सात वर्षं आधी या घरात आलेलो. अधिक महिन्यात जावई म्हणजे विष्णू म्हणतात. मग दोन विष्णूंतला थोरला कोण, एवढं सासूला कळायला नको?

"मामी, आधी दादांना," भारत म्हणाला, आणि त्यानं ते ताट दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढं सरकवलं.

हेच, हेच मला सहन व्हायचं नाही. चूक मामींची, मोठेपणा त्याचा, आणि माझा हक्क मला मिळाला तो त्याच्या हातून. मामींनी जीभ चावली. "चुकलं बाई माझं, हणमंतराव," म्हणाल्या. पण बघत होत्या त्याच्याकडंच, कौतुकानं.

भारत मोहिते हा माझा साडू. माझ्या बायकोची, शालनची, धाकटी बहीण रंजना त्याला दिलेली. आमच्या तालुक्याच्या गावात त्याचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. दोन पांढऱ्या मारुती, टपावर लाल अक्षरांची पाटी. मी गाड्यांच्या विम्याचा एजंट, त्यामुळं त्या दोन्ही गाड्यांचे विमे माझ्याच हातचे. भारत सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकायचा नाही. नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगायचा, "ज्यानं पेला धरला त्यानं स्टेअरिंग धरायचं नाही." गावात लोक हे वाक्य एकमेकांना ऐकवायचे, ते मला ऐकवताना जरा जास्तच मोठ्यानं.

सासऱ्यांना आम्ही दोघं मामा म्हणायचो, सासूला मामी. मामा निवृत्त हेडमास्तर, माळकरी, शब्दाला पक्के. धोंडे वाढणं चाललं होतं आणि ते आपलं नेहमीचं सांगत होते. "चौसष्टाव्या वर्षी मला गाडी शिकवली या माणसानं. तीनदा गाडी उकिरड्यात घातली मी. एकदा आवाज चढवला नाही. माणूस असावा तर असा."

हे मी अकराव्यांदा ऐकत होतो. मोजलं होतं मी. पुरणाचे धोंडेही मोजत होतो, त्याच्या ताटात किती पडतात ते. तूप मात्र दोघांना सारखं होतं, हे कबूल करायला हवं.

माझ्याविषयी मामा असं काही बोलायचे नाहीत. त्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी मी चुलतभावाच्या वरातीत पिऊन पडलो होतो, तोही नवरदेवाच्या घोड्यापुढं. दुसऱ्या दिवशी शालन पोरांना घेऊन माहेरी आली. मी मामांचे पाय धरले, शपथ घेतली, आणि त्यांनी आपल्या हातानं माझ्या गळ्यात तुळशीची माळ घातली. शालन उंबऱ्यात उभी राहून म्हणाली होती, "ह्यापुढं एकदा जरी वास आला, तर मी हितंच राहीन. न्यायला येऊ नका." भारतही तिथंच होता. खाली मान घालून उभा होता, आपल्याला दिसलंच नाही असं दाखवत.

माळ गळ्यात राहिली. दारूही राहिली. फक्त त्यात शिस्त आली. आधी माळ काढून शर्टाच्या खिशात ठेवायची, मग डिकीतली ब्रँडीची चपटी काढायची, दोन घोट, वर दोन वेलदोडे, आणि पुन्हा माळ गळ्यात. माळ घालून प्यायलो नाही कधी. देवाला फसवायचं नाही, एवढं मी कटाक्षानं पाळत होतो.

चारच्या सुमाराला पाऊस धरून आला. शालन आणि रंजना मुक्कामाला राहणार होत्या. भारतचा साडेपाचचा क्लास होता.

"दादा, गाडीतनं चला की माझ्या," तो म्हणाला. "स्कूटर राहू दे हितं. उद्या मी कुणाला तरी धाडतो."

"नको, भारतराव. आमची आपली दोन चाकंच बरी."

"भिजाल हो."

"भिजलो तर वाळू."

मामा ओसरीवरून म्हणाले, "सावकाश जा, भारतराव. रस्त्यावर ट्रॅक्टरचा चिखल आलाय." मला काही बोलले नाहीत. मीही त्याच रस्त्यानं जाणार होतो.

गाव मागं पडलं तशी मी कालव्याच्या पुलाजवळ करंजाच्या झाडाखाली स्कूटर लावली. माळ खिशात टाकली. अकरा वेळा ऐकलेल्या त्या वाक्यावर दोन घोट घेतले आणि तिसरा स्वतःच्या नशिबावर. तेवढ्यात भारतची गाडी गेली. त्यानं हळूच हॉर्न वाजवला, काचेतून हात केला. मी बाटली पाठीमागं धरली. तो थांबला नाही. मी वेलदोडे चघळले आणि त्याच्या मागं निघालो. दारू पिऊन गाडीवर बसलो होतो तो मी, हे इथं लिहून ठेवतो.

पुढच्या वळणावर गाडी दिसली नाही. दिसली ती चाकांची खूण, चिखलावरून सरळ कालव्याच्या चारीत गेलेली.

गाडी कुशीवर पडली होती. अर्ध्या गाडीत पाणी. भारतचा डावा पाय खाली कुठंतरी अडकला होता आणि तो मानेपर्यंत गार पाण्यात थरथरत होता. दात वाजत होते. ओठ निळे पडले होते.

"भारतराव! भारत! माझ्याकडं बघ!"

तो बघत होता, पण नजर ठरत नव्हती. मी दार वरून ओढलं, आत उतरलो, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पाय काही निघेना. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्याचे डोळे मिटायला लागले तसा मी घाबरलो. लहानपणी आम्हाला हुडहुडी भरली की आई छातीला ब्रँडी चोळायची, चमचाभर पाजायची. मला तेवढंच सुचलं. वर धावलो, डिकीतून चपटी आणली.

वासानं त्यानं ओठ घट्ट मिटले. त्या अवस्थेतसुद्धा! मान हलवत राहिला. "नगं… दादा… नगं…"

"औषध आहे, गप गिळा!" मी त्याचा जबडा धरला आणि ओतली. निम्मी पोटात गेली, निम्मी शर्टावर सांडली. त्यानं माझ्या शर्टाचा खिसा मुठीत धरून ठेवला होता, बुडणारा माणूस धरतो तसा. डॉक्टर लोक हे वाचतील तर शिव्या देतील मला. पण त्या घटकेला माझ्या मनात हेवा नव्हता. हा माणूस जगला पाहिजे एवढंच होतं. हे मात्र मी शपथेवर सांगतो, माझ्या शपथेची किंमत काय ते माहीत असूनही.

पुढं दुधाचा टेम्पो आला. चौघांनी मिळून त्याला काढलं. रिकामी चपटी मी कालव्यात फेकली.

सरकारी दवाखान्यात त्याला आत नेल्यावर मी स्वतःकडं पाहिलं. शर्टाचा खिसा फाटून लोंबत होता. माळ नव्हती.

तासाभरानं मामा रंजनाला घेऊन आले. सोबत शालन. मामांची नजर आधी माझ्या गळ्याकडं गेली.

"पाण्यात तुटली, मामा," मी म्हणालो. "त्याला काढताना."

मामांनी मला मिठी मारली. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, ही पहिली मिठी. "गेली तर जाऊ द्या, हणमंतराव. दुसरी घालू. माझा जावई वाचवलात." माझा जावई! मिठीसुद्धा त्याच्याच नावाची.

मग डॉक्टर बाहेर आले. डावा पाय दोन ठिकाणी मोडला होता. आज तात्पुरतं बसवून देतो, म्हणाले, पण महिन्याभरात पुण्याला दुसरं ऑपरेशन झालं तरच पाय सरळ राहील. नाहीतर आखूड होईल. आणि जाता जाता, पोलिसांचा कागद भरताना म्हणाले, "पेशंट प्यालेला होता. तसं लिहावं लागलं."

"न्हाई हो!" रंजना ओरडलीच. "ते शिवत सुद्धा न्हाईत."

"बाई, तोंडाला वास आहे, कपड्यांना वास आहे."

मामा बाकावर बसले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "हा पण?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. "मामा, ती मी पाजली," एवढंच म्हणायचं होतं. शालन समोर उभी होती, तिची भीती होती, खोटं कशाला बोलू. पण मला थांबवलं ते भीतीनं नव्हे. मामांचा चेहरा पाहिला मी. इतकी वर्षं माझ्याकडं बघताना जो चेहरा व्हायचा, तोच चेहरा आता त्या बंद दाराकडं वळलेला होता. छातीत काहीतरी गोड उतरलं, पुरणासारखं. एक दिवस, मी मनात म्हणालो. एकच दिवस त्याला त्या जागेवर राहू दे. मी वर्षानुवर्षं राहिलोय. उद्या सांगतो.

उद्या आला आणि गेला. गावात बातमी फिरली. "पेला धरला त्यानं स्टेअरिंग धरायचं नाही" म्हणत लोक टाळ्या देऊन हसले. चहाच्या गाड्यावर मीही उभा होतो. हसलो नाही. पण चहा गोड लागला.

पंधरा दिवसांनी विमा कंपनीचा तपासनीस आला, पाटणकर म्हणून. पोक्त माणूस, जुनी बॅग, प्रत्येक वाक्य लिहून घ्यायचा. मी एजंट, शिवाय अपघातस्थळी पहिला पोचलेला. माझा जबाब सगळ्यात महत्त्वाचा होता, आणि तो का महत्त्वाचा हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. नशेत गाडी चालवली असं ठरलं की गाडीची भरपाई नाही आणि मालकाच्या इजेचीही नाही. दवाखान्याच्या कागदावर नुसता वास होता, रक्त तपासलेलं नव्हतं. 'अपघातानंतर मी ब्रँडी पाजली' ही माझी एक ओळ पुरली असती. त्या ओळीवर पुण्याचं ऑपरेशन होतं.

"तुम्ही जवळ गेलात तेव्हा दारूचा वास येत होता?" पाटणकरांनी विचारलं.

"येत होता."

"तोंडाला?"

"तोंडाला, कपड्यांना."

"आधी कुठं प्याले असतील?"

"ते मी कसं सांगू? जेवायला आम्ही बरोबर होतो. नंतर मी पुढं निघालो, ते मागून आले."

पाटणकरांनी पेन थांबवलं. "जवळचे नातेवाईक ना तुम्ही?"

"साडू."

"नातं असून खरं बोललात. असे एजंट कमी भेटतात हो."

एक अक्षर खोटं बोललो नव्हतो. वास कुणाच्या बाटलीचा, हे त्यानं विचारलं नव्हतं. सही करताना मी दोनदा तारीख चुकवली. पाटणकरांना वाटलं, बिचारा नात्यापायी हळवा झालाय. त्यांनी मला पाणी दिलं.

क्लेम नामंजूर झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी रंजना आमच्या घरी आली. दारातच उभी राहिली.

"दाजी, तुमी त्यातलं हायसा. वर कुठंतरी अर्ज करा की. त्यांनी कधी शिवली न्हाई, तुमाला ठावं हाय न्हवं?"

"कागद दवाखान्याचा आहे, रंजना. मी काय करणार?"

"ते काय म्हणत्यात?" शालननं विचारलं. "भारतराव?"

"काय न्हाई. म्हणत्यात, मला काय आठवत न्हाई." रंजनानं पदर तोंडाला लावला. "मी किती खोदून विचारलं. भिंतीकडं तोंड करून झोपत्यात."

आठवत नाही म्हटल्यावर माझ्या जिवावरचं ओझं उतरलं. रात्री शांत झोप लागली, हेही लिहितो.

पाय आखूड राहिला. क्लच दाबायचा पाय. दारुड्या मास्तराकडं गाडी शिकायला कोण येणार, आणि आले असते तरी शिकवणार कसा? पाटी उतरली. भारत आरटीओच्या दारात छत्रीखाली टेबल टाकून लोकांचे लायसनचे फॉर्म भरून द्यायला लागला.

आणि माझं? मामांनी मला नवी माळ घातली, या वेळी चार लोकांसमोर. "नात्यातला असून खोटं बोलला नाही," हे वाक्य ते आल्यागेल्याला सांगायला लागले. हे मी मोजायचं सोडून दिलं, इतक्या वेळा सांगितलं. आणि विचित्र गोष्ट अशी, की मी प्यायचं खरोखर सोडलं. ब्रँडीचा वास आला की ते मिटलेले ओठ दिसायचे.

तीन वर्षांनी पुन्हा अधिक महिना आला. या वेळी ज्येष्ठ. पुन्हा तेच घर, तीच रांगोळी. पाट मात्र एकच होता, माझा. भारतला मांडी घालता येत नव्हती, म्हणून त्याच्यासाठी खुर्ची आणि पुढं स्टूल. मी पाटावर, तो खुर्चीवर. तो उंचावर बसला होता, पण तिकडं बघत कुणी नव्हतं.

मामा आत देवापाशी होते. बायका स्वयंपाकघरात. आम्ही दोघंच होतो, गेल्या तीन वर्षांत पहिल्यांदा. मी तसा योग येऊच दिला नव्हता.

"दादा," भारत म्हणाला. आवाज नेहमीसारखाच, क्लासमधला. "तुमची एक वस्तू माझ्याकडं राहिलीय."

त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली, वाकला, आणि माझ्या हातात दिली. मी उघडली. तुळशीची माळ. मामांनी पहिल्यांदा घातलेली.

"शुद्धीवर आलो तवा मुठीत होती. नर्सनं सोडवून उशाखाली ठेवली. तुमी सगळ्यांना सांगितलं, पाण्यात तुटली. मी बघितलं. गाठ शाबूत हाय, मणी सगळं हायेत."

गळ्यातली माळ अशी निघते ती काढली तरच. आणि मी ती कधी काढतो, हे त्याला त्या करंजाखालीच कळलं असणार.

"म्हणजे आठवत होतं तुला," मी म्हणालो. कधी नव्हे ते अरेतुरे आलं तोंडात.

"समदं. चव पण आठवती."

"मग बोलला का नाहीस? ही माळ दाखवली असतीस तर… पाय…"

"कुणाला दाखवू? मामांना दाखवली असती तर शालनताई त्या दिवशीच हितं येऊन राहिल्या असत्या. उंबऱ्यात त्या बोलल्या तवा मी हुतो." तो आपल्या आखूड पायाकडं बघत होता. "आणि दादा, ती तुमी मला जगवायला पाजलीसा. त्यावरच तुमच्या संसाराला आग लावू? मी म्हणलं, दादा सांगतील. आज न्हाई तर उद्या सांगतील. पाटणकर यायच्या दिवशी तर मी सकाळपासनं दाराकडं बघत हुतो."

मी पुडी मुठीत दाबली. तुळशीचे मणी रुतत होते.

"आज का देतोस?"

"उद्या मी मेलो तर रंजीच्या हाताला लागंल. तिला कळंल. म्हणून."

आतून भांड्यांचा आवाज आला. मामी ताट घेऊन बाहेर आल्या, मागून मामा. ताटात वाफाळणारे धोंडे, वर तूप. मामी या वेळी चुकल्या नाहीत. खुर्चीला वळसा घालून सरळ माझ्याकडं आल्या आणि पहिलं ताट माझ्या पाटापुढं ठेवायला वाकल्या.

"मामी," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. एका हाताची मूठ मिटलेली होती. मी दुसऱ्या हातानं ताट वर सरकवलं. "आधी भारतरावांना."

तेवढंच बोललो. पुढची वाक्यं घशापर्यंत आली होती, सगळी ओळीनं. मामा, ती मी पाजली. मामा, ही बघा माळ. मी मामांकडं मान वर केली.

मामांचे डोळे भरले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बघितलंस का ग?" ते मामींना म्हणाले. "याला म्हणतात थोरला. ज्यानं सगळ्यांना मान खाली घालायला लावली, त्याला पण हा पहिलं ताट देतो."

भारतनं ताट घेतलं, स्टुलावर ठेवलं, आणि मान खाली घालून धोंडा मोडायला लागला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसू नव्हतं. भूक लागलेल्या माणसासारखा जेवत होता तो.

माझ्या मुठीत माळ होती. मी ती तशीच खिशात घातली आणि माझं ताट यायची वाट बघत बसलो. मामा गेले, मामी गेल्या, ती माळ अजून माझ्या कपाटात आहे. आणि भारतचा हेवा मला त्या दिवशी वाटला, तितका त्याच्याकडं दोन गाड्या आणि दोन धड पाय होते तेव्हाही कधी वाटला नव्हता.